पाकिटाची मागची बाजू

"हे कशाचं आहे?" हा प्रश्न मुसलमानाला नवा नाही. परक्या गावात, परक्या पंगतीत, लग्नाच्या हॉलमध्ये आपण तो विचारतोच. तोंडाने नाही विचारला तरी मनात विचारतो. आणि आपल्यालाही तो विचारला जातो. ऑफिसात आपला डबा उघडला की शेजारचा माणूस आधी वास घेतो, मग हसून म्हणतो, "कशाचं आहे?" शब्द तेच, सूर वेगळा. गेली पाच-सहा वर्षं मी पुण्यात घरी केक करून विकते. तेही बहुतेक व्हेगन. म्हणजे ज्यात अंडं नाही, दूध-लोणी-तूप नाही, मध नाही, जनावराच्या किंवा किड्यामुंगीच्या अंगातून आलेलं काहीच नाही. या धंद्यात हा प्रश्न मला इतक्या तऱ्हांनी विचारला गेला, आणि मी दुकानदारांना, कंपन्यांना तो इतक्या वेळा विचारला, की त्यावर थोडं लिहावं असं वाटलं.

व्हेगन हा शब्द तसा फार जुना नाही. दूधही न घेणाऱ्या शाकाहाऱ्यांना वेगळं नाव हवं म्हणून १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो काढला. आमच्या घरात तो २०१७ साली माझ्या धाकट्या लेकीने आणला. आम्ही मूळचे चिपळूणकडचे कोकणी मुसलमान. आमच्याकडे बिनमासळीचं जेवण आजारी माणसाला देतात, आणि तोही दोन दिवसांत कुरकुरायला लागतो. अशा घरात कॉलेजात शिकणारी मुलगी एक दिवस सांगते की आजपासून मी मटण-मासळी तर नाहीच, दूध आणि अंडंही खाणार नाही, तेव्हा काय झालं असेल ते वाचकांनीच ओळखावं. तिच्या फुफूने मला बाजूला घेऊन विचारलं, "कुणी शाकाहारी मुलगा तर नाही ना भेटला हिला?" ते लेकीने ऐकलं. म्हणाली, "फुफू, ते लोक तूप खातात."

तिच्या या उत्तरात पुष्कळ काही होतं, ते मला पुढे कळलं. आपल्या देशात शाकाहार हा शब्द नुसता जेवणाचा राहिलेला नाही. घर भाड्याने देताना, जागा विकताना तो चाळणीसारखा वापरला जातो आणि त्या चाळणीतून कोण खाली पडतो हे आपल्याला सांगायला नको. म्हणून मुसलमान घरात मुलगी शाकाहाराचं नाव काढते तेव्हा तिच्या माणसांना आधी तीच चाळणी आठवते. पण व्हेगन माणूस त्या चाळणीत बसत नाही. त्याला आपली बिर्याणी जशी चालत नाही तसा पेढाही चालत नाही, श्रीखंडही नाही. तो सगळ्यांना सारखाच त्रास देतो.

माझे सासरे, आमचे अब्बाजी, उर्दू शाळेत शिक्षक होते. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "अल्लाहने जे हलाल केलं ते तू स्वतःवर हराम करून घेणार?"

"दादाजी, मी हराम म्हणतच नाही. मला नको, एवढंच म्हणते."

"आणि मध? मधमाशीच्या नावाची आख्खी सूरह आहे कुराणात. मधात शिफा आहे."

"म्हणूनच तिचं तिच्यापाशी राहू द्या ना."

अब्बाजींनी मोहल्ल्यातल्या मौलानांना गाठलं. मौलानांनी सांगितलं, गोश्त खाणं फर्ज नाही, न खाल्लं तर गुनाह नाही. हलालला हराम म्हणणं मात्र चूक. निकाल दोघांच्याही बाजूने लागला आणि वाद होता तिथेच राहिला.

मग बकरी ईद आली. लेकीने दरवर्षीसारखे कुर्बानीचे तीन हिस्से करायला मदत केली, गरिबांच्या आणि नातेवाइकांच्या पिशव्या बांधल्या, दोन घरी स्वतः नेऊन दिल्या. दुपारी दस्तरखानावर ती डाळभात घेऊन बसली. कुणी काही बोललं नाही. ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जड गेलं. तिने खावं अशी माझी जबरदस्ती नव्हती. पण एकाच दस्तरखानावर बसून तिचं ताट वेगळं दिसावं, हे सहन होईना. निदान एक पदार्थ असा हवा जो ती खाईल आणि घरातले बाकीचेही मागून घेतील. मटणाला पर्याय शोधण्याच्या भानगडीत मी पडले नाही. गोडापासून सुरुवात केली.

आधी घरातच पाहिलं. माझी नानी सांदण करायची. तांदळाचा रवा, नारळाचा रस, साखर. रात्रभर फुगवून सकाळी वाट्यांमधून वाफवायचं. जुन्या काळी पीठ फुगवायला ताजी माडी घालत, पुढे यीस्ट आलं. त्यात दुधाचा थेंब नाही, अंडं नाही. मग नानखटाई. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मैदा, साखर आणि डालडा यांचे डबे घेऊन मोहल्ल्यातल्या बेकरीसमोर बाया-पोरं रांग लावायची, बेकरीवाला पीठ मळून आपल्या पत्र्यांवर भाजून द्यायचा, आणि कुणाचा पत्रा कुणाकडे गेला यावरून ईदच्या तोंडावर भांडणं व्हायची. ती नानखटाईसुद्धा, वरचं तूप न लावता केली तर, व्हेगनच. आता डालड्याऐवजी मी दुसरी वनस्पतिजन्य चरबी वापरते. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली, ते बरंच झालं. जुन्या वाचकांना १९८३ सालही आठवत असेल. वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याच्या प्रकरणाने तेव्हा देशभर गदारोळ झाला होता. डब्यावर एक आणि आत एक, ही भीती आपल्याकडे किती जुनी आहे ते सांगायला म्हणून ही आठवण काढली.

केक मात्र सोपा नव्हता. आपल्याकडे 'एगलेस' केक गल्लोगल्ली मिळतो. पण अंडं काढून त्याच्या जागी कंडेन्स्ड मिल्क, दही, लोणी घातलेलं असतं. व्हेगन माणसाच्या दृष्टीने हे आगीतून फुफाट्यात. अंडं केकमध्ये तीन-चार कामं एकदम करतं. पीठ बांधून ठेवतं, हवा धरतं, तेल आणि पाण्याची मैत्री जुळवतं. त्याच्या जागी एकच वस्तू घालून भागत नाही, कामं वाटून द्यावी लागतात.

सर्वांत भरवशाचा निघाला तो अमेरिकेतला एक जुना गरिबीचा केक. मंदीच्या आणि युद्धाच्या टंचाईत दूध, लोणी, अंडी परवडेनात तेव्हा तिथल्या बायकांनी तो घराघरांत केला. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे कोको, एक लहान चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ. त्यात पाच-सहा मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर, थोडा व्हॅनिला, एक कप पाणी. सोडा आणि व्हिनेगर भेटले की फसफसतं, त्या हवेवरच केक उभा राहतो. म्हणून मिश्रण ठेवून द्यायचं नाही, भट्टी आधी तापवून ठेवायची आणि लगेच आत सरकवायचं. पहिल्यांदा केला तेव्हा अब्बाजींनी दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, "यात काय नाही?" काय आहे असं विचारलं नाही.

आंबटपणाला हे, तर बांधायला जवस. सोलापूरकडे भाकरीबरोबर जवसाची चटणी खातात तेच. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी चिकट होते. पण पांढऱ्याचा फेस तिच्याने होत नाही. त्यासाठी २०१४ साली फ्रान्समधल्या जोएल रोसेल नावाच्या गायकाने, डब्यातल्या कडधान्याचं जे पाणी आपण ओतून देतो ते फेटून पाहिलं. पुढच्या वर्षी गूस वोल्ट या अमेरिकन माणसाने काबुली चण्याचं पाणी आणि साखर एवढ्यावर मेरिंग करून दाखवलं आणि त्या पाण्याला 'अक्वाफाबा' असं लॅटिन नाव दिलं. नाव ऐकून मला हसू आलं. आपल्याकडे शिजल्या डाळीच्या त्या पाण्याला कट म्हणतात आणि पुरणपोळीच्या दिवशी त्याची आमटी होते. रमजानात इफ्तारला चणे रोज शिजतात. त्यांचं पाणी मी आटवून, गार करून ठेवते. तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडं. लिंबाचे चार थेंब घालून दहा मिनिटं फेटलं की पांढराशुभ्र ढग होतो. मंद भट्टीत, शंभर अंशांवर, दीड-दोन तास वाळवायचा. पुण्याच्या पावसाळ्यात मात्र या वाटेला जाऊ नये, बाहेर काढल्यावर तासाभरात चिकट होतं.

इथवर सगळं स्वयंपाकघरातलं. खरी परीक्षा सजावटीत आहे. केक साधा असतो, त्याच्यावरचं रंगीबेरंगी जग साधं नसतं. लेकीच्या वाढदिवसासाठी मी बाजारातून साखरेचे मणी, गुलाबी शेवया, मार्शमेलो, तयार फाँडंट असं बरंच आणलं आणि ती एकेक पाकीट उलटं करून वाचत बसली. शेवटी टेबलावर फक्त टूटीफ्रूटी उरली. ती कच्च्या पपईची असते. केकवरची लालभडक चेरीही आपल्याकडे पुष्कळदा करवंदाच्या जातीच्या फळाची, पाकात मुरवून रंगवलेली.

पहिला अडसर जिलेटीनचा. जनावरांची कातडी आणि हाडं प्रक्रिया करून, उकळून काढलेलं ते प्रथिन. युरोपात बरंचसं डुकराच्या कातडीचं, आपल्या देशात मुख्यतः गुरांच्या हाडांचं. मार्शमेलो, जेली, मूस, पुष्कळसं तयार फाँडंट, औषधाच्या कॅप्सूल, सगळीकडे तेच. म्हणजे १८५७ च्या काडतुसांचीच गोष्ट. फक्त आता ती दातांनी तोडायची नाही, चघळायची. आपल्यातही जिलेटीनवर एकमत नाही. मूळ पदार्थ पूर्ण पालटला तर त्याचा हुकूमही पालटतो, असं काही आलिम म्हणतात, त्याला इस्तिहाला असा शब्द आहे. बहुतेकजण मात्र सावध राहायला सांगतात. व्हेगन माणसाचं काम सोपं. डुकराचं असो, गाईचं असो, हलाल कापलेल्या जनावराचं असो, त्याला नको.

जिलेटीनला उत्तर आपल्याच घरात होतं: चायना ग्रास. रमजानात कुठल्या मुसलमान घरात ते होत नाही? समुद्रातल्या शेवाळापासून ते काढतात, आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही त्यासाठी शेवाळ गोळा होतं. पण त्याचा स्वभाव वेगळा. जिलेटीन तोंडातल्या उबेने विरघळतं. चायना ग्रास चाळीस अंशांच्या आसपास घट्ट होतं आणि पुन्हा पातळ व्हायला पंच्याऐंशी अंशांवर न्यावं लागतं. फ्रिज नसला तरी चालतं, मे महिन्यातही केक उभा राहतो. जिभेवर मात्र विरघळत नाही, चावावं लागतं. हा फरक गिऱ्हाइकाला आधीच सांगावा, नाहीतर 'कच्चं राहिलं' म्हणून केक परत येतो.

दुसरा अडसर रंगाचा. परदेशी पाकिटावर कार्माइन, कोचिनील किंवा ई १२० असं दिसलं तर तो रंग निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्याचा. पेरू, मेक्सिको या देशांत हे किडे वाळवून, कुटून तो काढतात. चिमूटभर रंगासाठी ढिगाने किडे लागतात. आम्ही कोकणी शाफई. समुद्रातलं सगळं आम्हाला चालतं आणि कोळंबीवरून हनफी शेजाऱ्यांशी आमचं थट्टेचं भांडण जुनं आहे, पण किडा कुणाच्याच ताटात बसत नाही. गंमत अशी की देशी रंगाच्या बाटलीवर कार्मोइसिन असं लिहिलेलं असतं आणि लोक तेही किड्याचंच समजून टाकून देतात. तो ई १२२, प्रयोगशाळेतला रंग. इंडिगो कार्माइन या निळ्या रंगाचंही तसंच, नावापुरता कार्माइन. मी बीट, हळद, पालक आणि जांभळ्या कोबीवर भागवते. कोबीच्या जांभळ्या पाण्यात सोड्याचा कण टाकला की निळा, लिंबू पिळलं की गुलाबी. हा खेळ मुलांना दाखवण्यासारखा आहे.

मणी आणि गोळ्या चमकतात त्या बऱ्याचदा लाखेने. झारखंड-छत्तीसगडकडे पळस, बोर, कुसुम यांच्या झाडांवर लाखेचे किडे पाळतात, त्यांनी सोडलेल्या राळेचा तो मुलामा. आपल्या कायद्याने लाख, मध आणि मेण शाकाहारी. २०२० च्या लेबलच्या नियमांत तसं लिहिलेलंच आहे. म्हणजे हिरवा ठिपका असला तरी व्हेगन माणसाने पाकीट उलटायलाच हवं. सर्वांत फसवं निघालं ते 'नॉन डेअरी' क्रीम. नाव नॉन डेअरी, आणि मागे बारीक अक्षरांत सोडियम केसिनेट. ते दुधातलंच प्रथिन. सगळ्या क्रीममध्ये नसतं, पण असतं.

वर्खाबद्दल थोडं जास्त सांगते. हैदराबादला चारमिनारजवळच्या गल्ल्यांत वर्ख ठोकण्याचा ठक-ठक आवाज मी लहानपणी ऐकला आहे. पातळ पानांच्या वहीत चांदीचे तुकडे ठेवून कारागीर हातोडीने तासन्‌तास ठोकत. ती पानं पूर्वी जनावराच्या आतड्याच्या पडद्याची, कातडीची असत. ठोकणारे बहुतेक मुसलमान. आणि तो वर्ख जायचा कुठे, तर शुद्ध तुपातल्या मिठाईवर, देवळांच्या मूर्तींवर. देणाऱ्याने सांगितलं नाही, घेणाऱ्याने विचारलं नाही. पुढे जैन आणि प्राणिप्रेमी मंडळींनी विचारलं, आणि २०१६ साली नियम झाला की वर्ख करताना कुठल्याही टप्प्यावर जनावराचं काही वापरायचं नाही. आता यंत्रावर, दुसऱ्या कागदांवर वर्ख होतो. माझ्या लेकीला तो चालतो. मलाही तो नियम पटतो. तरी हातोडीवाल्या त्या माणसांनी पुढे काय केलं, हा विचार वर्ख लावताना येतोच.

सगळ्यात गोड बातमी साखरेची. परदेशातल्या व्हेगन पुस्तकांत साखरेबद्दल धास्ती असते, कारण तिथल्या काही कारखान्यांत साखर पांढरी करायला जळलेल्या हाडांचा कोळसा वापरतात. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांत उसाचा रस सहसा चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ होतो, हाडांचं काम पडत नाही.

ही सगळी माहिती मिळवताना अडथळा माहितीच्या अभावाचा नव्हता, चुकीच्या माहितीच्या पुराचा होता. मशिदीबाहेर झेरॉक्स वाटले जायचे ते आठवतात? 'खालील ई नंबरांत डुकराची चरबी आहे'. आता त्याच याद्या मोबाइलवर फिरतात. त्यांत ई ३२२ असतो, म्हणजे लेसिथिन, जे बहुधा सोयाबीनचं निघतं. फ्रान्समध्ये १९७६ पासून विलजुइफ इथल्या एका रुग्णालयाच्या नावाने असंच एक खोटं पत्रक फिरलं. त्यात सर्वांत घातक म्हणून ई ३३० ठरवला होता. ई ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं ते. तेव्हा नंबर पाहून घाबरू नये. ई ४७१ सारखे काही नंबर मात्र खरोखर दोन्ही असतात, पामतेलाचेही आणि चरबीचेही. तिथे कंपनीला विचारण्याशिवाय उपाय नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटलं की पदार्थातला घटक वनस्पतीचा की प्राण्याचा, हे नुसत्या सांकेतिक नंबराने नाही तर स्पष्ट सांगितलं पाहिजे, खाणाऱ्याचा तो हक्क आहे. याचिका गोरक्षकांच्या एका संस्थेची होती. निकाल माझ्याही कामाचा.

आमची आणि व्हेगनांची वाट सगळीकडे एक नाही. व्हॅनिलाचा अस्सल अर्क दारूत काढतात, अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. लेकीच्या व्हेगन मैत्रिणींना त्याचं काही नाही, मला आहे. म्हणून बिनअल्कोहोलचं इसेन्स किंवा व्हॅनिलाच्या शेंगेतले दाणे. उलट अंड्याचं मला काही नाही, त्यांना आहे. जैन गिऱ्हाईक आलं की तिसरीच यादी. तिन्ही याद्यांतून पार पडणारा केक करायला बसलं की उरतं ते मैदा, साखर, तेल, फळं, सुकामेवा. त्यातही चांगला केक होतो, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगते.

विकायला सुरुवात झाली ती २०२० च्या टाळेबंदीत. त्या एप्रिलात मुसलमान भाजीवाल्यांबद्दल काय काय पसरवलं गेलं, ते या पानांच्या वाचकांना आठवत असेल. अशा दिवसांत माझ्या नावाच्या बाईने खाण्याची वस्तू विकायला काढावी, याला घरातूनच विरोध झाला. माझ्या थोरल्या मुलाने सुचवलं, केकला नुसतं इंग्रजी नाव दे, तुझं नाव घालू नको. मी नाव घातलं. अन्न परवान्याची नोंदणी माझ्या नावाने, डब्यावरही माझंच नाव. जी गिऱ्हाइकं त्यामुळे येणार नाहीत ती नंतर कळल्यावर जास्त दुखावणार.

पहिल्याच महिन्यात एका सोसायटीतून वीस कपकेकची मागणी आली. सगळं ठरलं आणि शेवटी बाईंनी नाव विचारलं. मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडे नॉनव्हेज शिजतं का?" मी म्हटलं, "शिजतं. केकची भांडी, भट्टी, चाळण्या वेगळ्या आहेत. केक सकाळी होतो, बाकी स्वयंपाक त्यानंतर." त्या म्हणाल्या, "कळवते." कळवलं नाही. त्यांचा राग मला आला नाही असं म्हणणार नाही. पण प्रश्न गैर नव्हता. हाच प्रश्न मी परक्या हॉटेलात विचारते. गैर इतकंच की तो नाव ऐकल्यावर सुचला. ज्या बेकरीतून त्या आधी एगलेस केक मागवत, तिथे त्याच भट्टीत अंड्याचे केक भाजले जातात, ते त्यांनी कधी विचारलं नसावं.

तेव्हापासून विचारायच्या आधीच मी डब्यावर लिहिते: 'या घरात मांस-मासळी शिजते. या केकची भांडी वेगळी आहेत.' सरकारचा व्हेगन शिक्का मी लावत नाही. २०२२ च्या नियमांप्रमाणे त्याला वेगळी मंजुरी लागते, आणि घरगुती माणसाला ते झेपत नाही. या दोन ओळींमुळे काही गिऱ्हाइकं गेली. पण एक जैन बाई त्या ओळी वाचूनच आल्या. म्हणाल्या, "जो हे लिहितो तो बाकीचंही खरं सांगत असणार." दोन तास बसून त्यांनी माझ्या कपाटातलं एकेक पाकीट वाचलं. मला न दिसलेला एक मेणाचा मुलामा त्यांनीच दाखवला. आता त्यांच्या घरचे सगळे वाढदिवस माझ्याकडे असतात. चहा मात्र त्या माझ्याकडे घेत नाहीत, पाणीही आपल्या बाटलीतलं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

सजावटीची फुलं मी आता घरीच करते. पिठीसाखरेत भिजवलेला गोंद कतीरा घालून मळलं की फुलाची पाकळी कागदासारखी पातळ लाटता येते आणि वाळून कडक होते; उन्हाळ्यात सरबतात घालतो तोच कतीरा. बाजारात या नावाने एकाहून जास्त झाडांचा डिंक विकतात, म्हणून नवं पाकीट आणलं की आधी चिमूटभर भिजवून पाहते. त्याशिवाय सुकवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, पिस्त्याचे काप, डाळिंबाचे दाणे. खरं सांगायचं तर बाजारच्या मण्यांपेक्षा हेच शोभून दिसतं.

शिरखुर्म्याचं काय केलं, असं कुणीतरी विचारेलच. एका ईदला मी नारळाच्या आणि बदामाच्या दुधात केला, खारका, शेवया, चारोळी सगळं घालून; शेवया तेलात परतल्या. लेक वाटी घेऊन सगळ्यांच्या मध्ये बसली. अब्बाजींनी चमचाभर चाखला, डोळे मिटले आणि म्हणाले, "छान आहे. पण याला शिरखुर्मा म्हणू नका. शीर म्हणजे दूध. दूध नाही तर शीर कुठलं? ही खीर आहे." मी म्हटलं, खीर तर खीर. आता आमच्याकडे ईदला दोन पातेली असतात, आणि नारळाचं आधी संपतं.

अब्बाजींचं मत बदललेलं नाही. मुलगी विनाकारण स्वतःला त्रास करून घेते, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पण बाजारातून काही आलं की कुराण वाचायचं भिंग काढून पाकिटाची मागची बाजू पहिल्यांदा तेच वाचतात. गेल्या महिन्यात मी केकसाठी डार्क चॉकलेटचा मोठा स्लॅब आणला. घटकांत दूध नव्हतं. खाली बारीक अक्षरांत मात्र 'दुधाचा अंश असू शकतो' असं होतं. लेकीने समजावलं की तो ॲलर्जीवाल्यांसाठी इशारा आहे, त्याच यंत्रावर दुसरं चॉकलेट होतं म्हणून लिहितात, मला चालतं.

"असू शकतो म्हणजे शक," अब्बाजी म्हणाले. "शक असेल ती चीज सोडावी."

तिने हसून पुष्कळ सांगून पाहिलं. ते ऐकेनात. स्लॅब कपाटात तसाच पडून आहे, आणि शनिवारच्या केकसाठी मला दुसरा शोधायचा आहे.